तंबोरा जुळताना

श्रावणातील एक दिवस. कोल्हापुरावर सकाळपासून पावसाची संततधार लागली होती. पंचगंगेचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढून वर आले होते आणि अंबाबाईच्या देवळाकडे जाणाऱ्या अरुंद गल्ल्यांत छत्र्यांची दाटी झाली होती. त्यांपैकीच एका गल्लीत, एका जुन्या वाड्याच्या माडीवर, त्या रात्री गाण्याची बैठक होती. बैठक लहानशीच. पंचवीस-तीस माणसे बसली, की माडीच्या दारात उभे राहायलाही जागा उरत नसे. तिथे तिकिटे नव्हती, व्यासपीठ नव्हते, ध्वनिवर्धकही नव्हता. जाजम अंथरायचे, भिंतीशी लोड लावायचे, मधोमध एक पानदान ठेवायचे, की झाली तयारी! गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये जेमतेम दोन हातांचे अंतर असे.

बैठक सात वाजता सुरू व्हायची होती. परंतु बुवांनी आपल्या शिष्येला साडेचारलाच बोलावले होते. ती तेरा वर्षांची मुलगी चार वर्षे त्यांच्याकडे गाणे शिकत होती. आज ती गाणार नव्हती. आज प्रथमच तिला बुवांच्या मागे तंबोऱ्यावर बसायचे होते. एरवी त्या जागी बसणारा थोरला विद्यार्थी परगावी गेला होता. माडी लहान म्हणून तंबोराही एकच होता. तो बेसूर झाला, तर सावरून घ्यायला दुसरे कोणी नव्हते.

“पाहुणे सातला येतील,” बुवा म्हणाले, “पण सूर त्याच्या आधी आला पाहिजे. घे, गवसणी काढ.”

मुलीने तंबोऱ्याची गवसणी हळूच उतरवली. तिच्या खांद्याहून उंच असे ते वाद्य तिने भिंतीशी टेकवले आणि फडक्याने पुसले. खाली मोठा गोल भोपळा, त्यावर लाकडी तबली, वर लांब पोकळ दांडी आणि शेंड्याला चार खुंट्या. भोपळ्यावर कोरलेली नाजूक वेलबुट्टी होती. ही वेलबुट्टी ती लहानपणापासून बोटांनी गिरवीत आली होती. आज मात्र तिचे लक्ष तिकडे गेले नाही.

हा तंबोरा मिरजेचा होता. कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर असलेले मिरज हे गाव तंतुवाद्यांसाठी साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. या धंद्याची सुरुवात मोठी मौजेची आहे. तिथले शिकलगार म्हणजे तलवारी, भाले आणि अशीच शस्त्रे घडवणारे व त्यांना धार लावणारे कारागीर. संस्थानांच्या लढाया संपल्या, शस्त्रांची मागणी उतरली आणि या कसबी हातांना दुसरे काम शोधावे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये घडवण्यास प्रारंभ केला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ती विद्या त्या घराण्यात टिकली. तलवारीची धार पारखणारी नजर तारेचा नाद पारखू लागली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू, जाड सालीचा आणि आकाराने चांगला मोठा असतो. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला असे भोपळे पिकतात. ते पुरते वाळू द्यावे लागतात. मग भोपळा कापायचा, भिजवायचा, आतला गर आणि बिया काढायच्या, आकार द्यायचा आणि पुन्हा वाळवायचा. इतके झाल्यावर त्याला दांडी आणि तबली बसते. जे फळ कोणाच्या ताटात यायचे नाही, ते अखेरीस गवयाच्या मांडीशी येऊन विसावते.

मुलगी जाजमावर नीट बसली. बुवांनी पेटीवर आपला षड्ज, काळी एकचा, धरून दाखवला आणि ते आतल्या खोलीत निघून गेले. जाताना म्हणाले, “मी आतून ऐकतो.”

तंबोऱ्याला चार तारा. मधल्या दोन म्हणजे जोडीच्या तारा; त्या षड्जात लावायच्या. अलीकडची पहिली तार त्यांच्याखालच्या पंचमात, आणि शेवटची जाड पितळी तार खर्जाच्या षड्जात. ज्या रागात पंचम नसतो, मालकंसासारख्या, त्यासाठी पहिली तार मध्यमात लावतात. आज बुवा गौडमल्हार गाणार होते. म्हणून पहिली तार पंचमाचीच.

सांगायला हे इतके सोपे. पण जुळवायला बसले, की घाम फुटतो! मुलीने पहिल्याने जोडीच्या तारा घेतल्या. खुंटी पिळली, तार वर चढली, जरा जास्तच चढली. उलट पिळली, तर एकदम उतरली. दमट हवेने लाकूड फुगले होते आणि खुंटी अडून बसली होती. पंधरा मिनिटे गेली. एक तार जुळली, असे वाटावे, तोच दुसरी निसटे. दुसरी जुळवावी, तो पहिली किंचित खाली आलेली असे. मुलीचा अंगठा लाल झाला.

“बुवा,” ती शेवटी काकुळतीला येऊन म्हणाली, “ते विजेचे यंत्र लावू या का? बटण दाबले, की झाले.”

बुवा दाराशी आले. ते रागावले नाहीत. “यंत्र वाईट नाही,” ते म्हणाले. “रियाजाला मीही लावतो. पण यंत्रात सूर जुळलेलाच येतो. तिथे तुझ्या कानाला काय काम? आणि चार तारांना कंटाळलीस होय? आयर्लंडातल्या त्या वादकांना तीस-तीस तारा जुळवाव्या लागत!”

मुलीने मान वर केली. आयर्लंड हा देश तिला नकाशात ठाऊक होता; पण त्याचा तंबोऱ्याशी काय संबंध, हे तिला कळेना. तेव्हा बुवांनी तिला थोडक्यात ती हकिकत सांगितली. कदाचित तिच्या बोटांना विसावा मिळावा, हाच त्यामागचा हेतू असेल.

आयर्लंड हे युरोपच्या पश्चिम टोकाचे एक हिरवेगार बेट. तेथील लोकांचे आवडते वाद्य म्हणजे हार्प. लाकडाच्या तिकोनी चौकटीत एकापुढे एक ताणलेल्या तारा आणि त्यांवर दोन्ही हातांची बोटे. जुन्या आयरिश हार्पला बहुधा पितळेच्या तारा असत. आजही आयर्लंडच्या नाण्यांवर या वाद्याचे चित्र असते. पूर्वी तेथील वादक हार्प घेऊन एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर जात, यजमानाच्या घरी मुक्काम करत आणि रात्री शेगडीभोवती जमलेल्या मूठभर माणसांना आपले वादन ऐकवत. टर्लो ओ’कॅरोलन हा त्यांतला सर्वांत नामांकित वादक. त्याचा जन्म १६७० सालचा. अठराव्या वर्षी देवीच्या रोगाने त्याची दृष्टी गेली. एका प्रेमळ बाईने त्याला तीन वर्षे हार्पचे शिक्षण देवविले, मग एक घोडा दिला आणि एक वाटाड्या सोबत दिला. तेव्हापासून १७३८ साली मरण येईपर्यंत तो आयुष्यभर आयर्लंडभर हिंडत राहिला. त्याने रचलेल्या दोनशेहून अधिक धुना आज उपलब्ध आहेत.

पुढे ही कला मावळू लागली. म्हणून १७९२ साली बेलफास्ट शहरात उरल्यासुरल्या वादकांना मुद्दाम एकत्र बोलावण्यात आले. जेमतेम दहा-अकरा वादक जमले. त्यांत कित्येक अंध होते. डेनिस हेम्पसन नावाच्या वादकाने तर नव्वदी ओलांडली होती. त्यांचे वादन लिहून घेण्याचे काम एडवर्ड बंटिंग या अवघ्या एकोणीस वर्षांच्या तरुणाकडे होते. त्याने ते कान देऊन ऐकले आणि टिपून ठेवले. म्हणून त्या धुना आजवर राहिल्या.

“तिथे डोळे नव्हते, दिवे मंद होते,” बुवा म्हणाले. “तारा जुळवायच्या त्या कानांनीच. तुझी तर चारच भावंडे आहेत. बघ, ऐकतात का तुझे.”

एवढे बोलून ते पुन्हा आत गेले.

मुलगी हसली आणि पुन्हा बसली. या वेळी तिने घाई केली नाही. तार छेडायची आणि तिचा नाद पुरता विरेपर्यंत थांबायचे, असे तिने ठरवले. आतापर्यंत ती एक तार वाजते न वाजते, तोच खुंटीला हात घालीत होती. आता तिच्या ध्यानात आले, की दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत, तर त्यांच्या नादात एक थरथर उठते. पाण्यावरच्या लाटांसारखी ती जोराने उसळते. सूर जवळ येऊ लागले, की लाटा संथ होतात. अगदी जुळले, की पाणी निवळते. तिने खुंटी सोडली आणि घोडीखालचे मणी हाती घेतले. मणी खाली सरकवला, की तार केसभर ताणली जाते. वर घेतला, की केसभर सैल होते. केसभराचाच आता प्रश्न उरला होता.

जोडी जुळली. मग पंचम, मग खर्ज. शेवटी उरली जवारी. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते; पण तिला अतिशय सूक्ष्म उतार असतो. तार तिच्यावरून घासून जाते, म्हणून तंबोऱ्याचा नाद एका ठिकाणी न थांबता गुंजत राहतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक बारीक दोरा घालतात. तो पुढेमागे सरकवता सरकवता एक जागा अशी सापडते, की तिथे तार एकदम बोलू लागते. ती जागा डोळ्यांना दिसत नाही. मुलीने चारी तारांचे दोरे एकामागून एक सरकवले आणि मग चारी तारा क्रमाने छेडल्या. मधले बोट पहिल्या तारेवर, तर्जनी उरलेल्या तिन्हींवर. पुन्हा छेडल्या. पुन्हा छेडल्या.

आणि तिला काहीतरी निराळे ऐकू आले. तारा होत्या षड्जाच्या आणि पंचमाच्या. परंतु त्या गुंजनातून तिसराच एक सूर वर येत होता. तिने श्वास रोखला. तो गंधार होता! तंबोऱ्यात गंधाराची तार नव्हती. तरीही गंधार वाजत होता.

बुवा आतून बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. “आला का?” त्यांनी विचारले. मुलीने नुसती मान हलवली. “याला स्वयंभू गंधार म्हणतात,” ते म्हणाले. “कोणतीही तार वाजली, की तिच्या मूळ सुराबरोबर आणखी कितीतरी बारीक सूर उठतात. ते नेहमीच असतात. खर्ज चांगला लागला, की त्यांतला गंधार कानाला सापडतो. यंत्राने तुला तंबोरा ऐकवला असता. पण हा क्षण दिला नसता.”

साडेसहा वाजायला आले होते. बुवांनी भिंतीवरच्या एका जुन्या तसबिरीकडे पाहून हात जोडले. ती तसबीर अल्लादिया खाँसाहेबांची होती.

कोल्हापुरात गाण्याचे नाव निघाले आणि अल्लादिया खाँ यांची आठवण निघाली नाही, असे होत नाही. त्यांचा जन्म १८५५ सालचा, राजस्थानातील उणियारा येथला. तरुणपणी अतिश्रमाने गाण्यामुळे त्यांचा आवाज बसला आणि दीर्घकाळ ते गाऊ शकले नाहीत. गवयाचा आवाज जाणे म्हणजे पहिलवानाची ताकद जाणे! पुढे आवाज परतला. पण पूर्वीचा गोडवा त्यात राहिला नव्हता. खाँसाहेब खचले नाहीत. आहे त्या आवाजाला शोभेल अशी, गुंतागुंतीच्या तानांची आणि लयीच्या बारीक हिशेबाची गायकी त्यांनी कष्टाने घडवली. १८९५ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी त्यांना कोल्हापूरच्या दरबारी गायक म्हणून ठेवून घेतले. १९२२ साली महाराजांचे निधन होईपर्यंत खाँसाहेबांनी ही सेवा केली. नंतर ते मुंबईस गेले आणि तिथेच १९४६ साली त्यांचे देहावसान झाले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशी थोर शिष्यपरंपरा त्यांच्यामागे राहिली. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अवकाशात धाडली. पृथ्वीवरच्या निवडक संगीताची एक तबकडी त्या प्रत्येक यानावर आहे आणि तिच्यात केसरबाईंनी गायिलेली साडेतीन मिनिटांची भैरवीही आहे. कोल्हापूरच्या दरबारी गवयाची विद्या ताऱ्यांच्या प्रवासाला निघाली आहे. पण ती विद्या शिकवली गेली ती अशाच लहान खोल्यांत, तंबोरा मांडीशी घेऊन.

सात वाजता माडी भरली. ओल्या छत्र्या जिन्याखाली ठेवून माणसे एकेक करून वर आली. कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, एक वृद्ध वकील, दोन कॉलेजातील मुले. बुवांनी मागे वळून मुलीकडे पाहिले. तिने तंबोरा छेडला. माडीवरची कुजबुज आपोआप थांबली आणि त्या गुंजनात बुवांनी षड्ज लावला.

अर्धा तास उत्तम गेला. गौडमल्हार रंगात आला होता. बाहेर पाऊस वाजत होता आणि आत तबला चालला होता. इतक्यात मुलीचे काळीज धसकले. पंचमाची तार उतरली होती!

त्याला कारणही तसेच होते. इतकी माणसे एका बंद माडीत बसल्यामुळे हवा उबदार झाली होती. धातूची तार तापली, की किंचित लांबते. लांबली, की सैल पडते आणि सूर उतरतो. उतरला होता तो केसभरच. समोरच्या मंडळींच्या माना पूर्वीसारख्याच डोलत होत्या. कोणाला काही जाणवले असेल, असे दिसले नाही. मुलगी मनात म्हणाली, ‘असाच राहू द्यावा का? हात लावला आणि भलताच सूर निघाला, तर साऱ्या बैठकीचा विरस होईल. नाही लावला, तर कोणाला कळणार आहे?’

पण तिला स्वतःला कळले होते. ती लाट, ती पाण्यावरची थरथर तिला स्पष्ट ऐकू येत होती. गंधार कुठेतरी बुजून गेला होता. आणि बुवा त्याच सुरावर विसंबून, मागे न पाहता, गात होते.

तिने पहिली तार छेडणे थांबवले. उरलेल्या तीन तारा ती त्याच संथ गतीने छेडत राहिली. बुवांची तान समेवर येऊन थांबली. श्रोत्यांनी दाद दिली आणि तेवढ्या गलबल्यात तिने डावा हात खाली नेऊन पंचमाचा मणी केसभर खाली सरकवला. मग तार अगदी हलके छेडली, इतकी हलके की तिच्याच कानाला ती जेमतेम लागली. अजून थोडी. पुन्हा केसभर. आता लाटा निवळल्या. तिने पहिल्यासारख्या चारी तारा छेडायला सुरुवात केली, आणि काही क्षणांतच तो तार नसलेला गंधार परत आला. बुवांनी मागे वळून पाहिले नाही. त्यांनी नवा आलाप धरला.

भैरवीने बैठक संपली, तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. मंडळी बुवांना नमस्कार करून, छत्र्या शोधत जिना उतरू लागली. वृद्ध वकिलांनी गाण्याची तोंडभर स्तुती केली. तंबोऱ्याविषयी कोणीच काही बोलले नाही. मुलगी कोपऱ्यात गवसणीची दोरी बांधत होती. बोटे हुळहुळत होती आणि डोळ्यांवर झोप आली होती.

बुवा तिच्याजवळ येऊन बसले. “पंचम उतरला होता ना?” त्यांनी हळूच विचारले.

मुलगी दचकली. “तुम्हांला कळले, बुवा?”

“माझी पाठ आहे ना त्याच्याकडे,” बुवा हसून म्हणाले. “तू तार सोडलीस, तेव्हाच समजलो. म्हणून ती तान जरा लांबवली आणि समेवर थांबलो. तुला वेळ मिळावा म्हणून.”

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. संध्याकाळपासून तिला वाटत होते, की मागे बसणाऱ्याला एकट्यानेच सारे सांभाळावे लागते. तिने वाकून बुवांच्या पायांना हात लावला.

“पुढच्या बैठकीला चार वाजता ये,” बुवा म्हणाले. “आज अर्धा तास कमी पडला.”

बाहेर पावसाचा जोर ओसरला होता. तिला न्यायला आलेले वडील जिन्याशी कंदिलासारखा दिवा धरून उभे होते. ती त्यांच्यामागून गल्लीत उतरली. पागोळ्यांचे पाणी एका लयीत दगडी फरशीवर पडत होते. चालता चालता ती मध्येच थांबली आणि मान कलती करून ऐकू लागली.